धुक्यातून उतरलेला हात

रॉकेट धुक्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. मागे आवाज तेवढा उरला, कुणीतरी जाड कापड टरटर फाडत वर नेत असल्यासारखा. मग तोही विरला. मैदानावर शे-दीडशे माणसं माना वर करून उभी होती. कुणी खोकत नव्हतं, कुणी पाय हलवत नव्हतं. वर सगळं पांढरं, खाली दवाने भिजलेलं गवत, आणि मध्ये आम्ही.

उंचावर कुठेतरी बारीकसं ‘फट्’ झालं.

"आता शांत राहा," आकाशगुरू हलकेच म्हणाले. "तो आपल्याला शोधतोय."

धुक्यातून एक कापड उतरू लागलं. त्याच्या दोऱ्यांना रॉकेट लोंबकळत होतं, सावकाश हेलकावे खात होतं. कापड आधी नुसतंच पांढरं वाटलं. जरा खाली आलं तेव्हा त्यावर काहीतरी तांबूस दिसलं. आणखी खाली आलं, आणि तो हात आहे हे कळलं. बोटं पसरलेला, माणसाच्या मापाचा तळवा.

गुरूंच्या सोबत एक वयस्क बाई असायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी ते कापड ओंजळीत झेललं, दोऱ्या सोडवल्या आणि आणून माझ्या बहिणीच्या मांडीवर ठेवलं. ताईने ते उलगडलं. तळव्याची करंगळी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

ताई किंचाळली नाही. तिने त्या हातावर आपला हात ठेवला आणि डोळे मिटले. आणि मी, उभ्या आयुष्यात बाबा-बुवांची टिंगल करण्यात कधी कसूर न केलेला माणूस, तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. तशी करंगळी जगात एकाच मुलाची होती. लहानपणी दारात चेमटली होती ती. आणि तो मुलगा जाऊन वर्ष होत आलं होतं.

"बोटं बघा, बोटं!" गुरूंचा आवाज चढला. अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, गळ्यात दुर्बीण. "मिटलेली आहेत की पसरलेली? पसरलेली! माणूस हात असा कधी करतो?" त्यांनी आपला पंजा गर्दीपुढे उभा धरला. "थांब! तुमचा मुलगा म्हणतोय, आई, थांब. कशासाठी थांब, ते मी विचारणार नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे."

ताईला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात तिच्या हृदयाची एक झडप बदलायची होती.

*

भुंगा माझा भाचा. काम करताना सारखा गुणगुणायचा म्हणून भुंगा. चौदा वर्षांचा, हातापायांच्या काड्या, आणि प्रश्न असे की समोरच्याने घामाघूम व्हावं.

ते रॉकेट मूळचं माझं. मी लहान असताना वडिलांनी मला एक संच आणून दिला होता. पुठ्ठ्याची नळी, लाकडाच्या पातळ फळ्या, टोकाला बसवायचं नाक, चिकटवायची चित्रं. वडील लवकर गेले, आणि तो खोका मी कधी उघडलाच नाही. घरं बदलली, तसा खोकाही या माळ्यावरून त्या माळ्यावर गेला. शेवटी तो भुंग्याच्या हाती लागला.

"मामा, हे तू तीस वर्षं नुसतं ठेवून दिलंस? तू माणूस आहेस की गोदाम?"

आम्ही दोघांनी मिळून ते बांधलं. आतलं रबर हात लावताच तुटलं. त्याच्या जागी ताईच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक आलं. मूळचे पंख वाकडे झाले होते. भुंग्याने नवे कापले, जरा मोठे, कारण त्याच्या हिशेबाने रॉकेट त्यामुळे सरळ जाणार होतं. ते त्याने लाल रंगवले, आणि रंगवताना स्वतःही रंगला. संचातलं पॅराशूट चिकटून त्याचा गोळा झाला होता. मग उशीचा जुना अभ्रा कापून नवं केलं. ते रॉकेट आम्ही बरेचदा उडवलं. खाली आलं की भुंगा पहिल्यांदा काय करायचा, तर कापड नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "आहाहा, दारू!" रॉकेट वर पोचलं की आत दुसरा एक छोटा बार उडतो, त्याच्या वाफेने नाक निघतं आणि पॅराशूट बाहेर फेकलं जातं. कापड जळू नये म्हणून न जळणाऱ्या कागदाचा बोळा मध्ये घातला, तरी धुराचा वास काही चुकत नाही. धुतलं तरी जात नाही.

मग त्याला ताप आला. मेंदूत शिरलेला ताप. आठवडाभरात घर रिकामं झालं.

घर म्हणजे काय उरलं होतं? भाऊजी कामावरून येत आणि टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसत. ताई भुंग्याच्या खोलीत झोपू लागली. भिंतीपलीकडून गुणगुणणं ऐकू येतं, असं ती सांगायची. मी तिला सांगायचो, पाण्याच्या नळीचा आवाज आहे. पण एकदा दुपारी मी त्या खोलीत एकटा होतो तेव्हा मलाही ते ऐकू आलं, आणि नळ तपासायला मी काही गेलो नाही.

अशा घरात मावशी आल्या. कुणाकडून कळलं, देव जाणे. ताईजवळ बसायच्या, तिच्याइतक्याच रडायच्या. "मुलाचं काही आवडतं असेल तर सांग गं," म्हणायच्या. ताईने रॉकेट दाखवलं आणि मावशींचे डोळे विस्फारले. त्यांचे गुरू नेमकी रॉकेटंच उडवत! माणसाचा जीव आधी वर जातो आणि काही काळ तिथेच घुटमळतो, तिथवर पोचायला वाहन लागतं, आणि वाहन जुनं हवं. "नव्या पुठ्ठ्याला स्मरण नसतं," असं गुरूंचं वचन. शुद्धीसाठी म्हणून मावशी रॉकेट घेऊन गेल्या. मैदानावर मी ते पाहिलं तेव्हा लाल पंख तेवढे ओळखीचे होते; बाकी अंगाला नवा पांढरा रंग फासलेला होता. त्याचाच मला इतका राग आला की दुसरं काही पाहायचं सुचलं नाही.

*

शस्त्रक्रियेची तारीख ताईने रद्द केली.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी भाऊजींना विचारलं.

"म्हणाले, झडप कधी दगा देईल सांगता येत नाही. वाट बघण्यात अर्थ नाही." भाऊजी आपले तळहात बघत होते. "मी काय सांगू तिला? मुलाने थांब म्हटल्यावर बापाने जा म्हणायचं?"

मी खोलीत गेलो. जिना चढून आली म्हणून ताई अजून धापा टाकत होती. कापड उशीवर पसरलेलं होतं.

"भाषण द्यायला आला असशील तर परत जा," ती म्हणाली. "तूही पाहिलंस. तूही रडलास."

"रडलो."

"मग?"

खरं सांगायचं तर भाषण द्यायला मी आलोच नव्हतो. मला तो हात पुन्हा बघायचा होता. दिवसा दुकानात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढताना माझ्या डोळ्यांपुढे तीच करंगळी असायची. मनात यायचं, आपण आजवर हसलो ते चुकलं असेल तर? तो खरंच तिथे वर एकटा असेल तर?

मी खाली वाकलो आणि त्या कापडात तोंड खुपसलं.

साबणाचा वास आला. नुसता साबणाचा. स्वच्छ, इस्त्री केलेल्या कापडाचा.

मी पुन्हा हुंगलं. चारही कोपरे हुंगले. ताई माझ्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"ताई, याला दारूचा वास नाही."

"म्हणजे?"

"हे कापड बाराजवळ नव्हतंच. नळीत ठेवलेल्या कापडाला वास येतोच. भुंगाच दर वेळी..."

तिने कापड माझ्या हातातून ओढून घेतलं. म्हणाली, "त्याच्या हाताला धूर लागत नसेल."

ते तिने अशा आवाजात म्हटलं की मी वाद घालूच शकलो नाही. एवढंच म्हणालो, "तू पुन्हा विचारणार आहेस ना त्याला, ऑपरेशनचं? मावशी मागच्यासारखं नवं कोरं कापड देतील, रात्रभर उशाशी ठेवायला. त्याच्या काठाला आतून निळ्या दोऱ्याचे दोन टाके घाल. तुझ्या हाताने. मी हातसुद्धा लावणार नाही. जे कापड वर गेलं तेच खाली आलं, तर टाकेही येतील."

"आणि टाके आले तर?"

"तर मी तुझ्या शेजारी बसेन, आणि तू म्हणशील ते मानेन."

"पुन्हा तोंड उघडायचं नाहीस."

"नाही."

हे मी तिला गप्प करायला म्हटलेलं नव्हतं. टाके यावेत असं मला मनातून वाटत होतं. आजही ते नाकारणार नाही.

*

पुढच्या खेपेलाही धुकं होतं. गुरू धुक्याचीच सकाळ निवडत. "धुकं म्हणजे त्यांचा पडदा आणि आपला पडदा यांच्यातली फट," असं ते सांगत. मला वाटतं, वर काय सुटतं आणि कशातून सुटतं ते दिसू नये, एवढंच धुक्याचं काम होतं. टेबलावर आणखी तीन-चार जुनी रॉकेटं ओळीने मांडलेली होती. ज्यांच्या मृतांना रॉकेटशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांच्यासाठी.

"शास्त्रज्ञ मला हसतात," गुरू कोटाची बटणं लावत म्हणाले. "हसू द्या! शास्त्र जिथे थांबतं, तिथून माझं रॉकेट सुटतं. आत्मा म्हणजे लहरी. लहरींना कंपनं लागतात. कंपनांना भाव लागतो. ज्याच्या मनात शंका असेल, त्याने दहा पावलं मागे व्हावं. शंकेने लहरी वाकड्या होतात."

मी दहा पावलं मागे झालो. उगाच लहरी वाकड्या झाल्याचं बालंट नको.

ताईने स्वतः कापडाची घडी घातली, स्वतः नळीत सरकवली. दोऱ्या मात्र मावशींनी बांधल्या. ते काम त्या कुणालाच करू देत नसत. रॉकेटच्या बुडाशी लावलेल्या दोन तारा गुरूंनी मोठ्या गांभीर्याने एका डबीला जोडल्या, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

तोच आवाज. तीच शांतता. तोच हात धुक्यातून खाली येताना मला दिसला, आणि मनात संशय असूनही माझी नजर आधी करंगळीवर गेली. या वेळी बोटं एकमेकांना जुळलेली होती.

"अजून जवळ!" गुरू म्हणाले. "हात जोडतोय. विनवतोय. आई, जाऊ नकोस!"

मावशींनी कापड ताईच्या मांडीवर ठेवलं. ताईने हाताकडे पाहिलं नाही. ती काठ चाचपू लागली. एक बाजू, दुसरी, तिसरी, चौथी. मग उलटं करून पुन्हा पहिल्यापासून. लोक जवळ सरकले.

"काय शोधता, ताई?" गुरूंनी विचारलं.

"मी यात निळा दोरा घातला होता."

गुरूंना थांबावं लागलं, पण पापणी लवते तेवढंच. "ठेवून घेतला त्याने," ते हसून म्हणाले. "आईच्या हातचा दोरा! कोणता मुलगा परत देईल?"

गर्दीने सुस्कारा सोडला. कुणीतरी हुंदका दिला. मीसुद्धा मनात म्हटलं, शाब्बास रे पठ्ठ्या! दोरा आला असता तरी चमत्कार, नाही आला तरी चमत्कार. असल्या माणसाला कोणत्या पेचात पकडणार?

ताई उठली. "मग रॉकेट द्या," ती म्हणाली. "ते माझ्या मुलाचं आहे."

"शुद्धी झाल्याशिवाय हात लावू नये गं," मावशी पुढे आल्या.

"त्याला मी जन्म दिलाय. माझ्या हाताने तो बाटेल?"

ताईने रॉकेट उचललं, हातात तोललं आणि माझ्याकडे वळली. "इकडे ये. हे असं जड नव्हतं. आणि एवढं लांबही नव्हतं. त्याच्या फडताळात मावायचं हे."

मी गेलो. नखाने पांढरा रंग खरवडला. खाली जोड होता. आमच्या नळीला वरून वीतभर नवी नळी जोडलेली होती. "कापू?" मी विचारलं.

भुंग्याच्या हातची ती शेवटची वस्तू होती. ताईने होकारार्थी मान हलवली.

मी खिशातल्या चाकूने नळी उभी चिरली. आत दुसरी नळी निघाली, जरा अरुंद, बूड बंद केलेली, उंच पेल्यासारखी. ती पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर मधोमध बसवली होती, म्हणजे बाराची वाफ तिच्या चहूबाजूंनी वर जावी आणि पेल्यात शिरू नये. पेल्यात एका तारेच्या आकड्याला अडकलेली पांढरी घडी होती. ताईने ती ओढून काढली, उलगडली आणि काठ वर धरला.

निळे दोन टाके.

नाक मी उपडं केलं. ते आतून पोकळ होतं. त्याच्या तोंडाला कागदी झाकण, आणि झाकण दोरीने नळीला बांधलेलं. नाक उडालं की झाकण ओढलं जाणार आणि आतलं कापड बाहेर पडणार. ते कापड तिथे आधीच भरलेलं. हातासकट.

"ती आत्म्याची बैठक आहे!" गुरू ओरडले. "पेला नव्हे, बैठक!"

कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्या हसण्याने काम झालं. माणसं टेबलाकडे धावली, बाकीची रॉकेटं उचलून बघू लागली. सगळीच जड, सगळीच लांब. एकात उद्याच्या कुणाचा तरी हात घडी घालून तयार होता. तरी सगळ्यांना पटलं असं समजू नका. एक बाई गुरूंचा कोट धरून म्हणत होत्या, "यांनी शंका घेतली म्हणून यांचं फसलं, माझ्या मुलीचं खरं होतं, हो ना?" गुरू त्यांना झिडकारून गाडीकडे निघाले होते.

एक म्हातारे गृहस्थ मात्र जागचे हलले नव्हते. त्यांच्या छातीशी घडी केलेलं कापड होतं.

"हे माझ्या बायकोचा हात म्हणून आलं होतं," ते मला म्हणाले. "सहा महिने मी हा हात हातात घेऊन झोपतो. मग हा कुणाचा?"

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी आपला उजवा हात शालीत ओढून घेतला.

*

राहिली ती करंगळी.

घरी आल्यावर ताई सरळ भुंग्याच्या खोलीत गेली. "मावशी एकदा इथे एकट्या बसल्या होत्या," ती म्हणाली. "मुलासाठी ध्यान करते म्हणाल्या. दार लावून घेतलं होतं."

आम्ही खोली धुंडाळली. भाऊजींना सापडलं. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला, कपड्यांच्या आड, लाल रंगात एक तळवा उमटलेला होता. पंख रंगवताना ओला हात तिथे टेकला असणार, आणि आई रागावेल म्हणून त्याने पुढे कपडे टांगले असणार. ताईने पहिल्या खेपेचं कापड त्यावर धरलं. बोटावर बोट बसलं. तळव्याच्या मध्यभागी, जिथे दाराला रंग लागला नव्हता, तिथे कापडावरही तेवढीच कोरी जागा होती. मावशींनी ठसा गिरवून नेला होता, आणि दुसऱ्या खेपेला बोटं सरकवून घेतली होती.

भाऊजी वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडले. ताईने कापड खाली टाकलं आणि दारावरच्या हाताला गाल लावून उभी राहिली. मी बाहेर गेलो.

शस्त्रक्रियेच्या नव्याने ठरलेल्या दिवशी तिला आत न्यायच्या आधी तिने माझं मनगट धरलं.

"तो थांब म्हणाला नव्हता ना?"

"नाही, ताई."

"जा असंही म्हणाला नाही."

"नाही. तो काहीच म्हणाला नाही."

ती छताकडे बघत राहिली. "हे जास्त कठीण आहे रे," म्हणाली.

कठीण आहेच. चमत्कारामागे धावणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं असतं. मी आयुष्यभर तेच केलं, आणि माझ्या हसण्याने एकही माणूस त्या मैदानावरून परत फिरला नसता. दुःखी माणूस मूर्ख नसतो, भुकेला असतो. आणि भुकेल्याला दगड चारणारे जागोजागी बसलेले असतात. तुमच्यापुढे कुणी तुमच्या मेलेल्या माणसाचा आवाज, हात, निरोप आणून ठेवला, तर जरूर रडा. पण रडून झालं की ते उलटून बघा. हुंगा, मोजा, उघडून दाखवा म्हणा. खरं असेल ते तपासण्याला भिणार नाही. आणि शंका घेणाऱ्याला दहा पावलं मागे उभं करतात तिथे, निदान आपल्या माणसासाठी, दहा पावलं पुढे व्हा.

ताई बरी झाली. आता जिना एका दमात चढते.

मागच्या महिन्यात तिच्याकडे एक अनोळखी बाई आली. मुलगा गाडीखाली गेलेला. कुणाकडून तरी ऐकून आली होती, आकाशगुरू आता कुठे असतात ते विचारायला. मी तिथेच होतो. तोंड उघडणार तोच ताईने मला डोळ्यांनी दटावलं.

"ते कुठे असतात मला माहीत नाही," ती त्या बाईला म्हणाली. "असतं तरी सांगितलं नसतं. त्यांच्याकडे तुमचा मुलगा नाही. माझ्याकडेही नाही." मग तिने खुर्ची पुढे ओढली. "पण बसा. तो कसा होता ते मला सांगा. अगदी लहानपणापासून सांगा."

बाईने दारात चपला काढल्या. मग येऊन बसली. आम्ही दिवे लावले, तेव्हा ती सांगत होती की तो पोहायला शिकला कसा.